पत्र्याचा तार्तालेता

मित्रांनो, मी पत्र्याचा आहे, पण नव्या पत्र्याचा नाही. मोन्तेविदेओच्या एका लहानशा कारखान्यात खाद्यतेलाचे रिकामे डबे कापून सपाट करत, त्यांच्या कोऱ्या बाजूवर रंग छापत आणि त्यांतून आम्हाला घडवत. ही गोष्ट छप्पन सालची. बाहेरून मी बेकरीत काम करणारा एक गुबगुबीत पोरगा. डोक्यावर पावांची टोपली, लाल गाल, गुडघ्यापर्यंत पांढरा एप्रन. तोंड उघडे. काहीतरी सांगायला निघालो आहे आणि शब्द सापडत नाही, असा माझा चेहरा.

मला सगळे तार्तालेता म्हणत. मुलांच्या एका साप्ताहिकात शेवटच्या पानावर तार्तालेताची चित्रकथा येत असे, तिच्यातला तो पोरगा म्हणजे मी. आमच्याकडे तार्तालेता म्हणजे वर फळ लावलेला एक छोटा गोड पदार्थ. तोतऱ्या माणसाला जो शब्द आहे, त्याचीही सुरुवात अशीच होते. त्यामुळे नाव ऐकताच माणसे हसत. गोष्ट दर आठवड्याला एकच असे. तार्तालेता टोपली घेऊन निघतो, वाटेत त्याला कोणाला तरी काहीतरी सांगायचे असते, तो "पा... पा... पा..." वर अडकतो आणि तोंडातून "पाव!" बाहेर पडेपर्यंत सगळे पाव ट्रामच्या रुळांवर सांडलेले असतात. हे वाचून सारे शहर हसत असे.

मला किल्ली दिली की मी डुगडुगत चालायचो, टोपली हलायची आणि पोटातला चामड्याचा छोटा भाता तीनदा दाबला जायचा. पा, पा, पा. कारखान्यात भाता चिकटवणारी बाई प्रत्येकाला कानाशी धरून वाजवून बघायची. मी वाजलो तेव्हा ती हसली. जगात मी ऐकलेले ते पहिले हसू. मला वाटले, माझा जन्म यासाठीच आहे.

जानेवारीत, आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, तीन राजे मुलांना भेटी आणतात त्या सणाला, मी नोएमी नावाच्या मुलीकडे गेलो. राजांच्या उंटांसाठी तिने रात्री चपलांशेजारी गवत आणि पाणी ठेवले होते. सकाळी गवत विस्कटलेले होते आणि डाव्या चपलेत मी होतो. तिने मला किल्ली दिली, आणि त्या उन्हाळ्यात त्यांच्या फरसबंद अंगणात गल्लीतली सगळी मुले माझ्यामागे रांग करून डुगडुगत चालायला लागली. सगळ्यांच्या तोंडी एकच. पा-पा-पाव! गल्लीतून कोणी सावकाश बोलणारे गेले तरी मुले तेच ओरडत. मला त्यात वावगे काही वाटले नाही. उलट मला अभिमान वाटला. माझे बोलणे घरोघर पोहोचले होते.

पुढे ते साप्ताहिक बंद पडले. चित्रकार वारला. घरात टीव्ही आला आणि नोएमीही मोठी झाली. मला नाताळच्या देखाव्यातल्या मेंढ्यांबरोबर एका खोक्यात घालून मागच्या पडवीत ठेवले. वर्षातून एकदा मेंढ्या बाहेर जात, मी राहत असे. पावसाचे पाणी खोक्यात शिरले आणि माझा डावा पाय गंजला. अशी किती वर्षे गेली, ते मला सांगता येणार नाही. एके दिवशी खोके उघडले तेव्हा नोएमी नव्हती. घर रिकामे करणारी माणसे होती. त्यांनी मला एका घोडागाडीत टाकले, आणि पुढच्या रविवारी मी त्रिस्तान नार्वाहा रस्त्यावरच्या बाजारात, जमिनीवर अंथरलेल्या घोंगडीवर, दारांच्या सुट्या मुठी आणि एक बिनहाताची बाहुली यांच्यामध्ये उभा होतो.

तिथे मला एल्बियो बेंतांकोर यांनी पाहिले.

एल्बियो बसमध्ये तिकिटे तपासत असत, आता निवृत्त झाले होते. सहासष्ट वर्षांचे. कान मोठे, चाल घाईची आणि समोरच्याचे वाक्य संपायच्या आत त्याचे उत्तर देऊन मोकळे व्हायची सवय. ते घोंगडीसमोर थांबले आणि मला उचलताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. त्यांच्या पत्नी निल्दाबाई काखेत गरम पाण्याचा थर्मास धरून शेजारी उभ्या होत्या. नवऱ्याला त्या लाडाने म्हाताऱ्या म्हणत.

"म्हाताऱ्या, आपली पोरगी झाली तेव्हाही तू असा रडला नव्हतास," त्या म्हणाल्या.

"पोरगी पुन्हा झाली असती," एल्बियो म्हणाले. "हा नाही."

घरी गेल्यावर मला कळले की मी एकटा नाही. शिवणाच्या खोलीत भिंतभर तार्तालेता होता. साप्ताहिकाचे एकशे चाळीस अंक, सूपची एक थाळी, शाळेची पट्टी, डिंकाची बाटली, कार्निवलमध्ये घालायचा कागदी लगद्याचा मुखवटा, न्हाव्याच्या दुकानातले एक कॅलेंडर. चाळीस वर्षे एल्बियो हे जमवत होते. शिलाई मशीन केव्हाच जेवणाच्या टेबलावर आले होते आणि निल्दाबाई आल्यागेल्याला सांगत की या घरात पाहुण्याला खोली आहे, बायकोला नाही. चावीचा पत्र्याचा तार्तालेता तेवढा एल्बियोंना कुठे मिळाला नव्हता. त्यांनी माझा गंज मऊ कापडाने टिपला, स्प्रिंगला तेल दिले. पहिल्यांदा मी वाजलो तेव्हा ते हसले नाहीत. डोळे मिटून ऐकत बसले. एखादा माणूस एका विसरलेल्या चित्रासाठी इतका जीव का टाकतो, ते मला तेव्हा उमगले नाही. पण इतक्या वर्षांनी कोणाला तरी मी हवा होतो, आणि मित्रांनो, त्यापुढे मी काही विचारले नाही.

वसंत ऋतू सुरू झाला तेव्हा मोहल्ल्यातल्या क्लबच्या सभागृहात या सगळ्या वस्तूंचे प्रदर्शन भरवायचे ठरले. एका वर्तमानपत्राने येऊन फोटो काढला. एल्बियोंच्या तळहातावर मी, आणि खाली लिहिलेले, 'मोन्तेविदेओला हसवणारा पोरगा परत आला'. एल्बियोंनी ते पान फ्रिजवर लावले.

चौथ्या दिवशी दारावर एक बाई आली. पन्नाशीची, अंगात परिचारिकेचा गणवेश, हातात तेच पान. आपले नाव ग्रासिएला आहे, एवढे तिने सांगितले. निल्दाबाईंनी तिच्यापुढे माते, आमच्याकडचा कडवट पाल्याचा चहा, केला. तो तिने हातात घेतला, पण प्यायली नाही.

ती काय सांगत होती ते एल्बियोंना आधी नीट कळलेच नाही. तिचे वडील चौदा वर्षांचे असल्यापासून पासो मोलिनो भागातल्या एका बेकरीत टोपलीने पाव पोहोचवत. ते अडखळत बोलत. बेकरीच्या वरच्या खोलीत बासिनी नावाचा चित्रकार भाड्याने राहत असे. हे नाव ऐकताच एल्बियो पुढे सरकून बसले, कारण तार्तालेता काढणारा तो हाच. ग्रासिएला म्हणाली की पहिला अंक आला त्या आठवड्यापासून तिच्या वडिलांना त्यांच्या नावाने कोणी हाक मारली नाही. पाव घेणाऱ्या बायका दारात उभ्या राहून त्यांच्याकडून मुद्दाम काहीतरी वदवून घेत. मुले मागे लागत. शेवटी त्यांनी बेकरी सोडली, मोहल्ला सोडला आणि एका कातडी कारखान्यात काम धरले. तिथे यंत्रांच्या आवाजात कोणालाच बोलावे लागत नसे. पुढे लोक तार्तालेताला विसरले, तेव्हा कुठे ते दुकानात जाऊन स्वतः काही मागू लागले. आणि आता हा फोटो. त्यांनी पान बघितले, घडी घालत घालत अगदी लहान केले आणि त्यानंतर दोन दिवस घरात बोलले नाहीत.

"प्रदर्शन करू नका, एवढंच सांगायला आलेय," ती म्हणाली.

एल्बियो गोंधळले आणि मग त्यांना राग आला. ते चित्र आहे, म्हणाले. लोकांनी त्याच्यावर प्रेम केलंय. "आणि चाळीस वर्षं मी यातला कागद न् कागद वाचलाय. तुमच्या वडिलांचा उल्लेख कुठेही नाही."

"कसा असेल? त्यांना कोणी विचारलंच नाही." ती उठली. "बेल्वेदेरेला राहतो आम्ही, पुलापलीकडे, निळं दार. एकदा या. तुम्ही काय जमवताय ते तरी बघून जा."

ती गेल्यावर एल्बियो खोलीभर फिरत बडबडत राहिले. चित्राने कोणाचे काय बिघडते, लोक हल्ली जराजराशा गोष्टी मनाला लावून घेतात, पोरे तर सगळ्यांनाच नावे पाडतात. निल्दाबाई एका सदऱ्याची बाही उसवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"तुला शाळेत काय म्हणायचे रे?"

"सुपडकान्या. का?"

"आवडायचं?"

"ते वेगळं होतं."

"हो," निल्दाबाई म्हणाल्या. "ते तुझं होतं."

एल्बियो थांबले. त्या दिवशी त्यांनी मला किल्ली दिली नाही.

रविवारी त्यांनी मला टॉवेलमध्ये गुंडाळून पिशवीत घातले. याला कशाला नेतोस, असे निल्दाबाईंनी विचारले. तेव्हा ते म्हणाले, कोण जाणे, बघून त्यांना बरंही वाटेल.

निळे दार एका उंच, सडपातळ म्हाताऱ्याने उघडले. मित्रांनो, मला धक्काच बसला. मी टॉवेलच्या फटीतून पाहत होतो, आणि माझ्या मनात कोणीतरी गुबगुबीत, लाल गालांचे होते. या माणसाची मान सरळ होती, खांदे ताठ. फक्त नाक आणि भुवया माझ्या होत्या. खरे म्हणजे माझ्या त्यांच्या होत्या. मुलगी कामावर गेली होती. एल्बियोंनी आपली ओळख करून दिली आणि त्यांचे नाव विचारले.

"अन्सेल्मो," ते म्हणाले, आणि आडनावाशी अडकले. 'पि' पाशी ओठ मिटलेले, उघडत नव्हते.

"पेरेस का?" एल्बियोंनी मदत केली.

अन्सेल्मोंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले आणि मान डोलावली. मग बाजूला होऊन त्यांना आत घेतले.

यापुढे ते जे बोलले ते मी सांगणार आहे. पण ते कसे बोलत होते, ते मी लिहून दाखवणार नाही. ते काम एकाने पूर्वीच करून ठेवले आहे. एवढेच समजा की प्रत्येक वाक्याला वेळ लागत होता, आणि सुरुवातीला एल्बियो दर वेळी तोंड उघडून ते पूर्ण करायला जात होते. मग हळूहळू त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि ते गप्प बसले.

मला टेबलावरच्या मेणकापडावर उभे केले होते. अन्सेल्मो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी पाण्याचे भांडे पुढे ओढले, माते भरला, आधी स्वतः घेतला, मग एल्बियोंना दिला.

"बासिनी रोज सकाळी खाली यायचा," ते म्हणाले. "न्याहारीला दोन बिस्कोचो घ्यायचा आणि माझ्याशी बोलत बसायचा. मालकाला वेळ नसायचा, आई दमलेली असायची. तो एकटाच असा होता, की माझं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायचा. मला वाटायचं, हा माझा मित्र आहे." त्यांनी माझ्या टोपलीला बोट लावले. "तो वर जाऊन लिहून ठेवायचा."

एल्बियोंच्या हातातला माते थंड होत होता.

अन्सेल्मोंनी लग्नाचीही गोष्ट सांगितली. नोंदणी कार्यालयात त्यांना फक्त 'हो' म्हणायचे होते. तेवढा एक शब्द त्यांनी महिनाभर घोकला होता. आणि नेमका तो आला नाही. मागून कोणीतरी तार्तालेताच्या आवाजात तो त्यांच्या वतीने म्हणून टाकला. सगळे हसले, अधिकारीसुद्धा. "ती नाही हसली," ते म्हणाले. "मी म्हणेपर्यंत हात धरून उभी राहिली. म्हणून एकोणपन्नास वर्षं संसार झाला."

मग ते जरा पुढे झुकले. ज्या गोष्टीचा त्यांना सर्वांत जास्त राग होता, ती वेगळीच होती.

"आणि एक. मी पाव कधी पाडला नाही. टोपली डोक्यावर असली की मान हलवायची नसते. चित्रात याची बघ, कशी हलते. चार वर्षं, रोज दोन फेऱ्या, पावसात, ट्रामच्या रुळांवरून. एकही पाव खाली नाही. विचार कोणालाही." ते थांबले. विचारायला आता कोणी उरले नव्हते.

एल्बियोंचे मोठे कान लाल झाले होते. त्यांनी विचारले, मी काय करू? सगळं जाळून टाकू? अन्सेल्मोंनी त्यांनाच उलट विचारले, की तू हे जमवायला लागलास ते का?

तेव्हा एल्बियोंनी निल्दाबाईंनाही कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. आठ वर्षांचे असताना त्यांना सांधेताप झाला आणि ते वर्षभर अंथरुणात होते. वडील बंदरावर ओझी उचलत. घरी आले तरी ते बोलत नसत. दिवसचे दिवस एक शब्द नाही. पण गुरुवारी ते कोटाच्या खिशातून साप्ताहिक काढत, पोराच्या पलंगाच्या कडेला बसत आणि शेवटचे पान मोठ्याने वाचत. आवाज काढून. पा, पा, पा. आणि हसत. "मी त्यांना हसताना तेव्हाच काय ते पाहिलं," एल्बियो म्हणाले. "त्यांचा दुसरा कुठलाच आवाज माझ्या आठवणीत नाही. हाच आहे."

हे सांगताना तेही अडखळले. अन्सेल्मोंनी घाई केली नाही. ते थांबले.

मित्रांनो, मी मेणकापडावर उभा होतो आणि माझ्या पोटात तो भाता होता. एकाच्या वडिलांचा एकुलता एक हसरा आवाज, आणि दुसऱ्याच्या तोंडून हिसकावून घेतलेली सगळी वाक्ये. दोन्ही एकाच चामड्याच्या तुकड्यात. इतकी वर्षे ज्या आवाजाचा मला अभिमान होता, तो माझा नव्हताच.

"जाळू नकोस," अन्सेल्मो शेवटी म्हणाले. "चेहरा राहू दे. चेहरा त्यानं चांगला काढला होता, आईनं एक चित्र कापून ठेवलं होतं. याचा आवाज तेवढा काढ. आणि प्रदर्शनात याच्याशेजारी लिहून ठेव, पाव पडले नाहीत म्हणून. माझं नाव लिही. सबंध."

एल्बियोंनी मान डोलावली, पण हात पुढे झाला नाही. अन्सेल्मो उठले, फळीवरून भाज्या चिरायची सुरी आणली आणि टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "आधी एकदा वाजव. तुझ्या वडिलांसाठी. मी ऐकून घेईन."

एल्बियोंनी मला उचलले. किल्ली फिरवली, एक, दोन, तीन फेरे. माझी स्प्रिंग ताणली गेली, दाते एकमेकांत बसले. त्यांचा अंगठा किल्लीवर दाबलेला होता. मी वाट पाहत होतो, अन्सेल्मोही डोळे टेबलावर लावून वाट पाहत होते. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली होती.

एल्बियोंनी ती बोटे पाहिली. मग त्यांनी किल्ली सोडली नाही. उलट धरूनच हळूहळू मागे फिरवली, स्प्रिंग सैल केली आणि मला पालथे घातले. अन्सेल्मोंनी माझे पाय धरले. सुरीच्या टोकाने पाठीवरच्या पत्र्याच्या चार दुमडलेल्या पट्ट्या उचलल्या गेल्या. मला दुखले असे म्हणता येणार नाही. काहीतरी हलके झाले आणि काहीतरी कायमचे गेले. अन्सेल्मोंनी तो भाता उचलला. वाळलेला, करंगळीच्या पेराएवढा. आणि मातेचा चोथा टाकायच्या डब्यात तो टाकून दिला.

प्रदर्शन झाले. क्लबमध्ये बरीच माणसे आली, बहुतेक पिकल्या केसांची. एल्बियो मला किल्ली देत, मी टेबलावर गुपचूप चालत असे आणि लोक कान पुढे करून वाट बघत. "बिघडलंय वाटतं," म्हणत. बुएनोस आयरेसहून आलेल्या एका संग्राहकाने मला उलटे करून पाहिले आणि सांगितले की आतले काढले आहे, आता यात राम नाही. एल्बियो म्हणाले, माहीत आहे. पण मित्रांनो, सगळ्यात वाईट याहून वेगळे होते. मी गप्प आहे असे पाहून लोक स्वतःच तोंडाने आवाज काढू लागले. पा-पा-पाव! नातवंडांना शिकवू लागले. त्यांच्या डोळ्यांत आनंदाचे पाणी होते. वाईट माणसे नव्हती ती. एल्बियो प्रत्येक वेळी शेजारच्या पुठ्ठ्याकडे बोट दाखवत. त्यावर त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिले होते, 'हा चेहरा अन्सेल्मो पेरेस यांचा आहे. त्यांनी एकही पाव कधी पाडला नाही.' काही जणांनी वाचले. एक बाई म्हणाली, हो का, आणि सूपची थाळी बघायला गेली.

शेवटच्या दिवशी, खुर्च्या उचलायला सुरुवात झाली तेव्हा, ग्रासिएला आली. एकटीच. तिने मला पाहिले, मग पुठ्ठा वाचला. एकदा, पुन्हा एकदा. मग निल्दाबाईंकडे पेन मागितले.

तिने 'पेरेस' वर एक सरळ रेघ मारली आणि वर लिहिले, 'पिरिस'.

एल्बियो जवळ आले होते. त्यांनी ते वाचले आणि त्यांचा चेहरा पडला.

"बाबांनी सांगितलं नाही तुम्हाला?" तिने विचारले.

"ते सांगत होते," एल्बियो म्हणाले. "मीच बोललो. त्यांच्याआधी."

"हो. सगळे तसंच करतात. आणि मग ते मान डोलावतात." तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. तिने पेन परत दिले.

येतील का ते कधी, असे एल्बियोंनी विचारले. ती म्हणाली, इथे नाही यायचे. तुम्हाला यायचं असेल तर दार तुम्ही पाहिलंय. आणि ती गेली. एल्बियो एका खुर्चीवर बसून राहिले. खुर्च्या उचलणारी माणसे त्यांना वळसा घालून काम करत होती. निल्दाबाईंनी त्यांच्या हातात थर्मास दिला आणि माझ्याभोवती टॉवेल गुंडाळला.

मित्रांनो, आता मी शिवणाच्या खोलीत एका फळीवर असतो. ती खोली पुन्हा शिवणाची झाली आहे. मशीन परत आले आहे आणि बाकीचा तार्तालेता खोक्यांत आहे. माझ्याशेजारी तो पुठ्ठा, मधल्या रेघेसकट. एल्बियोंनी नवा लिहिला नाही. रविवारी ते कधी बाजारात जातात, कधी पूल ओलांडून बेल्वेदेरेला. परत आल्यावर काय बोलणे झाले ते सांगत नाहीत. कधी कधी फार लवकर परत येतात. दार उघडले नसेल.

जुन्या वस्तू जपा. त्या पुसा, कोरड्या जागी ठेवा, गंज लागू देऊ नका. मी तुम्हाला हे सांगेनच, मी पत्र्याचा आहे. पण तुमच्या वर्गात, गल्लीत, दुकानात कोणी बोलता बोलता अडकले, तर त्याचा शब्द त्याच्याआधी उच्चारू नका. हसत तर नकोच, पण मदत म्हणूनही नको. उभे राहा. त्याला हवा तितका वेळ घेऊ द्या. कदाचित तो तुम्हाला आपले नाव सांगत असेल.